बर्गन: दुसऱ्याच्या माशावर उभं राहिलेलं बंदर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बर्गन हे मध्ययुगापासून उत्तर युरोपातली सुक्या माशांची मोठी पेठ. पण ज्या माशावर हे शहर मोठं झालं, तो बहुतांश त्याच्या पाण्यातला नव्हताच. तो हजारेक किलोमीटर उत्तरेहून, लोफोटेन बेटांकडून शिडाच्या गलबतांत लादून यायचा. बर्गन त्याचं वजन करायचं, प्रत लावायचं, साठवायचं आणि पुढे विकायचं. हे शहर कोळ्यांपेक्षा अडत्यांचं. हे एकदा ध्यानात धरलं की इथली वखार, गल्ली, चर्च, अगदी हवामानाची वेधशाळासुद्धा त्याच धाग्यात ओवलेली दिसते.

खालचे पाच दिवस त्याच धाग्याने लावलेले आहेत. आधी डोंगरावरून बंदराची जागा पाहायची, मग वखारी, मग मासा, मग युद्ध आणि हवामान, आणि शेवटी उघडा समुद्र. फिरते प्रवासी सहसा पहिल्याच तासात ब्रिग्गेन या जुन्या धक्क्यावरच्या रंगीत लाकडी घरांसमोर फोटो काढतात आणि निघतात. ती घरं तिथेच का आणि तशीच का, हे कळायला आधी उंचीवर जावं लागतं.

हंगाम मे मध्य ते सप्टेंबर मध्य. त्यानंतर संग्रहालयांच्या वेळा आखडतात आणि काही वारी ती बंदच असतात. शेंगेन व्हिसा चालतो. पावसाचा हिशोब मुंबईकराला पटकन कळेल: बर्गनला वर्षाला साधारण मुंबईइतकाच पाऊस पडतो, फक्त मुंबईचा चार महिन्यांत उरकतो आणि इथला बारा महिन्यांत वाटलेला असतो. छत्री नेऊ नका. बंदरातून येणारा वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट, आत लोकरीचा थर आणि तळव्याला चांगली पकड असलेले बूट हवेत, कारण ब्रिग्गेनच्या ओल्या फळ्यांवर पाय घसरतो.

पहिला दिवस: वरून पाहायचं शहर

फ्लेसलंड विमानतळावरून शहरात यायला ट्राम सगळ्यात सोयीची. सुमारे 45 मिनिटांत ती मध्यवस्तीतल्या शेवटच्या थांब्यावर पोचवते. तिकीट गाडीत मिळत नाही. थांब्यावरच्या यंत्रात किंवा मोबाइल ॲपवर आधी काढायचं, नाहीतर दंड होतो. ओस्लोहून येणाऱ्यांनी 1909 साली सुरू झालेली रेल्वे घ्यावी. साडेसहा-सात तासांत ती 1,222 मीटर उंचीवरच्या फिन्से स्थानकावरून खाली समुद्रपातळीला उतरते. उन्हाळ्यात जागा लवकर भरतात, आरक्षण आधीच करा.

सामान टाकून पहिलं पाऊल टॉरगालमेनिंगेन या मोठ्या चौकात. नावातला ‘आलमेनिंग’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण तो शहरभर भेटतो. डोंगराकडून सरळ पाण्यापर्यंत उतरणारी ही रुंद मोकळी पट्टी. तिच्यावर बांधकाम करायचं नाही, हा नियम. अख्खं शहर लाकडाचं, वाऱ्याचं, आणि घराला घर चिकटलेलं. एका चुलीची ठिणगी सगळा पेठभाग खाऊन टाकायची. 1702 ची आग आणि 1916 ची आग या दोन मोठ्या. आलमेनिंगचं काम दुहेरी: आग पलीकडे जाऊ द्यायची नाही, आणि माणसांना बादल्या घेऊन समुद्रापर्यंत धावायला वाट ठेवायची.

याच चौकात खलाशांचं स्मारक आहे. शिल्पकार डीरे वो, वर्ष 1950. चौथऱ्याच्या चार बाजूंना तीन-तीन असे बारा पुतळे, आणि प्रत्येक बाजू एका शतकाची: दहावं, अठरावं, एकोणिसावं, विसावं. चौथऱ्याला पूर्ण फेरी मारा. व्हायकिंगांपासून यंत्राच्या जहाजावरच्या माणसांपर्यंत कपडे बदलत जातात. एवढ्या मोठ्या चौकाचा मान राजाला किंवा सेनापतीला न देता खलाशाला दिला आहे, यातच शहराने स्वतःला काय मानलं ते आलं.

तिथून मासळीबाजार दोन मिनिटांवर. उघड्यावरचे ठेले मुख्यतः उन्हाळ्यातले, बंदिस्त बाजार वर्षभर. दर पाहून घ्या. खेकडे आणि कोळंबी पुष्कळदा वजनावर विकली जातात, आणि शिजवून ताटात आल्यावर वजन विचारण्यात अर्थ उरत नाही. आधी ‘किलोला किती’ विचारा, मग तराजूवर ठेवायला सांगा. टाकीतला लांब पायांचा लाल राजखेकडा इथला नाही. रशियनांनी 1960 च्या दशकात तो बारेंट्स समुद्रात सोडला, तिथून नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला पसरला, आणि तिकडूनच इथे येतो. म्हणजे आजही बाजारातला सगळ्यात दिमाखदार माल उत्तरेचाच.

बाजारापासून दीडशे मीटरवर फ्लोयेन डोंगराची दोरखेच रेल्वे, 1918 ची. सहा-सात मिनिटांत सुमारे 320 मीटर उंचीवर नेते. धडधाकट माणसाला चालत तासाभराची चढण, आणि उतरताना चालणं जास्त चांगलं. वर कठड्यापाशी थांबून खालचा नकाशा लावा.

समोर जिभेसारखं आत शिरलेलं अरुंद पाणी म्हणजे वॉगेन, मूळ बंदर. त्याच्या उजव्या काठावर लाल-पिवळी छपरांची ओळ ती ब्रिग्गेन. पलीकडे आस्कोय बेट, त्याच्या मागे सोत्रा. उत्तर समुद्राच्या लाटा सोत्रावर फुटतात, वॉगेनपर्यंत येत नाहीत. अक्षांश 60 अंश असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे पाणी गोठत नाही. आणि भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक-दीड मीटर. मुंबईला मोठ्या उधाणात तो पाच मीटरच्या आसपास जातो, म्हणून तिथे दारं लावून पाणी अडवणाऱ्या गोद्या बांधाव्या लागल्या. इथे साधा लाकडी धक्का पुरला. कुठल्याही वेळी गलबत लागतं आणि माल थेट वखारीत चढतो.

बेटांच्या आडोशाने उत्तरेकडे जाणारी सुरक्षित वाट आणि दक्षिणेकडे बाल्टिक-जर्मनीची वाट, दोन्ही इथे मिळतात. उत्तरेत धान्य पिकत नाही, दक्षिणेत उपवासाच्या दिवसांसाठी टिकाऊ मासा हवा. राजा ओलाव किर्रे याने 1070 च्या सुमारास शहर वसवलं असं सागा, म्हणजे जुन्या नॉर्स कथा, सांगतात. पुढे 1294 मध्ये राजाज्ञा निघाली की परदेशी व्यापाऱ्यांनी बर्गनच्या उत्तरेला जायचं नाही. उत्तरेचा मासा विकायचा तर बर्गनला, घ्यायचा तरी बर्गनलाच. भूगोलाने दिलेली जागा कायद्याने पक्की झाली.

दुसरा दिवस: ब्रिग्गेन, म्हणजे वखार

सकाळी नऊच्या आत ब्रिग्गेनला पोचा. पर्यटन जहाजं लागली असतील तर दहानंतर गल्ल्यांमधून चालणं अवघड होतं. बंदराच्या संकेतस्थळावर त्या दिवशी कोणती जहाजं येणार ते आधीच कळतं.

1360 च्या सुमारास जर्मन व्यापारी शहरांच्या हान्सा संघाने इथे आपलं कोन्टोर थाटलं. कोन्टोरला मराठीत वखार हाच नेमका शब्द. राजापूरला इंग्रजांची होती तशी: परक्या भूमीवर स्वतःच्या नियमांनी चालणारी, माल आणि माणसं दोन्ही ठेवणारी जागा. लुबेक आणि इतर जर्मन शहरांतून पोरगेलेशी मुलं शिकाऊ म्हणून यायची, वर्षानुवर्षं राहायची, चढत चढत कारभारी व्हायची. कोन्टोरच्या माणसाने इथे लग्न करायचं नाही, असा दंडक होता. शेवटची जर्मन वखार 1754 मध्ये नॉर्वेजियन हातात गेली, आणि त्यानंतरही नॉर्वेजियन कोन्टोर म्हणून व्यवस्था 1899 पर्यंत चालली.

समोरून दिसतात त्या फक्त त्रिकोणी माथ्याच्या दर्शनी भिंती. खरी रचना आत आहे. एक ‘गोर्ड’ म्हणजे समुद्राकडे तोंड करून मागे लांबवर गेलेली घरांची रांग, मध्ये फळ्यांची गल्ली, दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या सज्ज्या. खाली मासा, मधल्या मजल्यावर व्यापारी आणि त्याची लिखापढी, वर शिकाऊ मुलांच्या झोपायच्या जागा. गल्लीत उभं राहून वर पाहा: माल ओढून घ्यायच्या कप्प्या आणि दारं अजून आहेत. भिंती सरळ नाहीत, मजले कलंडलेले, एक घर दुसऱ्याच्या खांद्यावर. सगळ्यात मागे दगडी तळघरं दिसतील. आगीतून वाचावं असं किमती सामान आणि कागद तिथे. 1702 च्या आगीत ब्रिग्गेन पूर्ण जळालं, पण पुन्हा बांधताना जुन्याच पायावर, जुन्याच आखणीने उभं केलं. म्हणून लाकूड अठराव्या शतकाचं आणि रचना मध्ययुगाची. 1900 च्या सुमारास दक्षिणेकडचा अर्धा भाग पाडून विटांच्या इमारती झाल्या, 1955 च्या आगीत आणखी काही गेला. उरलेल्या साठेक इमारती 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

आता पायाखाली पाहा, कारण ब्रिग्गेनचं खरं दुखणं जमिनीत आहे. ही जमीन मुळात समुद्र होती. ओंडक्यांचे चौकोनी पिंजरे पाण्यात बसवायचे, ते दगडांनी आणि शहराच्या केरकचऱ्याने भरायचे, त्यावर धक्का. जुना धक्का कुजला किंवा जळला की त्याच्या पुढे नवा पिंजरा. अशा रीतीने शतकानुशतकं किनारा समुद्रात सरकत गेला. पाण्याखाली बुडालेलं लाकूड टिकतं, कारण तिथे प्राणवायू नसतो आणि बुरशीला जगता येत नाही. 1955 च्या जळित जागेवर शेजारी नवी इमारत झाली, तिच्या तळघराभोवती पाणी उपसायची व्यवस्था आली आणि भूजल खाली गेलं. हवा आत शिरली, शेकडो वर्षं शाबूत असलेलं लाकूड आणि भराव कुजायला लागला, आणि वरची घरं काही ठिकाणी वर्षाला काही मिलिमीटरने खचू लागली. उपाय चिकाटीचा होता: पावसाचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवायचं. मागच्या बाजूला दिसणारे हिरवे खोलगट पट्टे शोभेचे नाहीत, पाणी मुरवायचे आहेत. इतका पाऊस पडणाऱ्या गावात जमीन तहानलेली राहावी, ही गोष्ट मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. घरांची डागडुजी करताना सुतार कुजलेलाच ओंडका काढतात, जॅकने घर उचलून धरतात आणि त्या मापाचा नवा ओंडका कुऱ्हाडीने तासून बसवतात. करड्या भिंतीत मध्येच फिकट पिवळं लाकूड दिसलं तर तो असा जोड.

ब्रिग्गेनच्या मागे शोत्स्तुएने. वखारीत विस्तव लावायला बंदी होती: दिवा नाही, शेगडी नाही, बर्गनच्या हिवाळ्यातही नाही. म्हणून जेवण, ऊब, शाळा, सभा आणि न्यायनिवाडा या सगळ्यांसाठी मागे वेगळी दालनं. स्वयंपाकघर आणखी वेगळं. बाकांमध्ये बसून पाहा: सोळा-सतरा वर्षांचं पोर दिवसभर थंड कोठारात मासा मोजून संध्याकाळी या एकाच उबदार खोलीत यायचं. हान्सा संग्रहालयाची मुख्य लाकडी इमारत 2018 पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवली गेली. जाण्याआधी ती उघडली आहे का ते पाहा. शोत्स्तुएने मात्र चुकवू नका.

दुपार ब्रिग्गेन्स म्युझियममध्ये. 1955 ची आग ही आपत्ती होती, पण जळक्या जागेवर आस्ब्योर्न हेर्टाइग यांच्या नेतृत्वाखाली तेरा वर्षं उत्खनन चाललं आणि 670 च्या आसपास रुनी लेख, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले लेख, हाती लागले. तोवर समजूत अशी की रुनी लिपी दगडांवरच्या स्मारकांची. इथे ती लाकडाच्या बोटभर चपट्या काड्यांवर निघाली, रोजच्या कामाची. काचेपलीकडच्या या काड्यांसाठी तासभर ठेवा. काहींना टोकाशी खाच किंवा भोक आहे. त्या मालाच्या पट्ट्या: पोत्याला बांधायची, त्यावर मालकाचं नाव. चौदाव्या शतकातलं एक पत्र तोरे फागर याने आपल्या भागीदाराला, हावग्रीमला, लिहिलेलं आहे. रामराम करून तो सांगतो की परिस्थिती बिकट आहे, ना बिअर मिळाली, ना मासा. आणखी एका काडीवर एवढंच: ग्यूदा म्हणते, घरी ये. ही काडी धक्क्यावरच्या कुठल्या गुत्त्यात पोचवली असावी, असं अभ्यासक मानतात. लेख कोरणाऱ्याने रेघा सरळ पाडल्या आहेत, कारण लाकडाच्या रेषांना आडव्या छेदणाऱ्या रेघाच ठसठशीत उमटतात. रुनी अक्षरांना गोलाई नाही ती याचसाठी.

शेजारचं मरियाकिर्केन, बाराव्या शतकाचं, शहरातली सगळ्यात जुनी उभी वास्तू. जर्मन व्यापाऱ्यांचं हेच चर्च.

तिसरा दिवस: मासा

ब्रिग्गेनवरून पाण्याच्या काठाने उत्तरेकडे पंचवीस मिनिटं चालत सान्दविकेन. उन्हाळ्यात संग्रहालयांची छोटी बोटही जाते. इथे किनाऱ्यावर अठराव्या शतकातल्या मोठ्या लाकडी वखारी पाण्यात खांब रोवून उभ्या आहेत आणि त्यातच नॉर्वेचं मत्स्यव्यवसाय संग्रहालय आहे. आत शिरताच येणारा वास ओळखीचा वाटेल: डांबर, जुनं लाकूड आणि सुकी मासळी.

हा मासा म्हणजे कॉड. बारेंट्स समुद्रातून अंडी घालायला दरवर्षी जानेवारी ते एप्रिल लोफोटेनला येणाऱ्या कॉडला ‘स्क्रेई’ म्हणतात. त्याचं सुकवणं म्हणजे मिठाशिवायचं काम, आणि आपल्याकडच्या बोंबलाशी त्याचं फार जवळचं नातं. कोळीवाड्यात दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टाकतात. लोफोटेनला डोकं काढलेले, पोट साफ केलेले, साधारण एकाच मापाचे दोन कॉड शेपटीला शेपूट बांधून लाकडी मांडवावर टांगतात. फरक उन्हाचा. बोंबलाला कडक ऊन लागतं, कॉडला शून्याच्या आसपासची थंडी आणि सतत वारा.

टांगणी फेब्रुवारीपासून, उतरवणी मे-जूनमध्ये, मग आणखी दोन-तीन महिने हवेशीर कोठारात मुरवणं. पाच किलो ताज्या माशाचा साधारण एक किलो सुका होतो. या काळात बिघडायला कारणं पुष्कळ. कडक गोठण पडली तर मांसातल्या पाण्याचे स्फटिक होऊन तंतू फाटतात आणि मासा भिजवल्यावर भुसभुशीत होतो. लवकर ऊब आली तर आतून आंबतो आणि माशा अंडी घालतात. वारा पडला आणि पाऊस लागून राहिला तर बुरशीचे डाग. दोन मासे एकमेकांना चिकटून टांगले तर चिकटलेली जागा ओली राहते. लोफोटेनच्या हवेत थंडी गोठणबिंदूच्या वरखाली घुटमळते आणि वसंत येईपर्यंत माशा उठत नाहीत, म्हणून हे तिथेच जमतं. बर्गनच्या हवेत जमलं नसतं. शहराला मासा आयता आणावा लागला, त्याचं हेही एक कारण.

सुका कॉड हातात घेऊन पाहायला मिळतो, संधी सोडू नका. फळीवर आपटला तर काठीसारखा आवाज येतो. प्रत ठरवणारा माणूस लांबी आणि जाडी पाहतो, पोटाची आतली बाजू उघडून वास घेतो, कण्याजवळ रक्ताचा डाग आहे का पाहतो, मान नीट कापली आहे का तपासतो. हे सगळं एका माशाला काही सेकंदांत. वीसेक प्रती आहेत, आणि वरच्या प्रतींना नावं इटलीच्या बाजारातली, कारण उत्तम माल अजूनही तिकडेच जातो. सगळ्यात वरचा ‘रान्यो’: लांब, सडपातळ, निर्दोष.

वाहतूक ‘जेक्ट’ नावाच्या गलबतातून. एक डोलकाठी, एक मोठं चौकोनी शीड, रुंद पोट. सुका मासा वजनाला हलका आणि आकाराने अवजड, म्हणून तो कडांच्याही वर गंजीसारखा रचलेला असे. वर्षात दोन खेपा, पहिली उन्हाळ्याच्या सुरुवातीला, दुसरी शेवटी. वारा अनुकूल असेल तसे दिवस, नाहीतर आडोशाला नांगर टाकून वाट पाहणं. परतताना पीठ, माल्ट, दोर, गळ, कापड.

आणि सोबत उधारी. उत्तरेचा मच्छीमार पुढच्या हंगामाच्या माशावर आत्ताच धान्य उचलायचा, आणि फेड होईपर्यंत त्याच व्यापाऱ्याला मासा घालायला बांधलेला असायचा. हंगाम बुडाला की खातं पुढच्या वर्षावर. व्यापाऱ्याच्या बाजूनेही ही निव्वळ पिळवणूक नव्हती, कारण वाईट वर्षी धान्य न पाठवणारा व्यापारी पुढच्या वर्षीचा मासा गमवायचा. पण भाव लावणारा, वजन करणारा आणि वही ठेवणारा एकच असला की पारडं कुठे झुकतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बर्गनच्या रंगीत दर्शनी भिंतींचा पैसा या वह्यांतून आला.

याच संग्रहालयात कॉडच्या तेलाचा भाग आहे. लिव्हर पिंपात साठवून कुजू द्यायचं, वर येणारं तेल काढायचं: काळपट, उग्र, दिव्यांना आणि कातडं कमवायला. 1853 मध्ये पेटर म्योलर यांनी ताजं लिव्हर वाफेवर तापवून फिकं, पिण्याजोगं तेल काढायची रीत आणली.

संध्याकाळी बर्गनचं माशाचं सूप घ्या. माशाच्या हाडांचं पाणी, गाजर आणि इतर कंदमुळं, आंबट साय, अंड्याच्या पिवळ्या बलकाने आणलेला दाटपणा, आणि शेवटी थोडं व्हिनेगर व साखर. चव आंबट-गोड लागायला हवी. नुसतंच मलईदार आणि गोडुस आलं तर ते बर्गनचं नव्हे. सुका कॉड घरी न्यायचा असेल तर आधी हे जाणा: शिजवण्यापूर्वी पाच ते सात दिवस थंड पाण्यात, फ्रिजमध्ये, रोज पाणी बदलून भिजवावा लागतो. आपल्या घरातल्या तापमानाला पाणी बाहेर ठेवलंत तर दुसऱ्याच दिवशी आंबेल.

चौथा दिवस: स्फोट, शिडं आणि हवामान

वॉगेनच्या मुखाशी बर्गनहूस किल्ला. राजा हॉकोनने बांधलेला दगडी दरबारमहाल 1261 मध्ये त्याच्या मुलाच्या लग्नात वापरात आला. शेजारी रोसेनक्रान्त्स बुरूज, सोळाव्या शतकाचा. बुरुजाच्या तोफा बाहेरच्या शत्रूवर होत्या तशा ब्रिग्गेनवरच्या जर्मन व्यापाऱ्यांवरही रोखता येत होत्या. वर चढून दिशा पाहिली की पटतं.

इथल्या धक्क्याशी 20 एप्रिल 1944 ला ‘व्होरबोडे’ हे डच जहाज फुटलं. जर्मन ताब्यात असलेलं, पोटात 120 टनांहून जास्त स्फोटकं. असा माल घेऊन आतल्या बंदरात यायला मनाई होती, पण इंजिन दुरुस्तीसाठी ते आलं आणि तपासणीत कुणी अडवलं नाही. दीडशेहून जास्त माणसं गेली, सुमारे 5,000 जखमी झाली. दरबारमहालाचं छत जळालं, ब्रिग्गेनची छपरं उचलली गेली. महाल दुरुस्त होऊन 1961 मध्ये, पहिल्या लग्नाला बरोबर 700 वर्षं झाल्यावर, पुन्हा उघडला. आतल्या भिंतीत जुना आणि नवा दगड वेगळा ओळखता येतो.

किल्ल्यासमोर ब्रादबेंकेनला ‘स्तात्सरॉद लेमकुल’ उभं असतं, समुद्रावर नसेल तेव्हा. 1914 साली जर्मनीत बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं प्रशिक्षण जहाज, 1920 च्या दशकात बर्गनला आलं. पुढच्या सोटासकट लांबी 98 मीटर, शिडं 22, शिडाचं कापड दोन हजार चौरस मीटरच्या वर. शिकाऊ लोक झोळ्यांत झोपतात, चार तास पहारा आणि आठ तास सुट्टी अशा तीन पाळ्या. काही दिवशी सामान्य लोकांसाठी छोट्या फेऱ्या असतात, तारखा आधी बघा.

वॉगेन ओलांडायला चालत वळसा घालण्यापेक्षा ‘बेफेन’ ही चिमुकली फेरी घ्या. तिच्या कंपनीची स्थापना 1894 ची, आणि पहिल्या बोटी बॅटरीवरच्या विजेवर चालणाऱ्या. नावातली बी-ई-एफ ही अक्षरं ‘बर्गनची विद्युत फेरी’ यावरूनच.

पलीकडचं नॉर्डनेस टोक म्हणजे शहराचं समुद्रविज्ञान. मत्स्यालय आणि सागरी संशोधन संस्था दोन्ही इथेच. 1900 पासून बर्गन हे नॉर्वेच्या मासेमारी प्रशासनाचं आणि मत्स्यविज्ञानाचं ठाणं आहे. किती मासा पकडायचा याचा कोटा ज्या मोजणीवर ठरतो ती इथल्या लोकांची. पूर्वी भाव ठरवणारं शहर आता संख्या मोजतं.

आणि हवामान. हवामानशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस 1917 मध्ये बर्गनला आले तेव्हा महायुद्धामुळे ब्रिटनकडून आणि समुद्रावरून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद होत्या. पर्याय म्हणून त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच निरीक्षणाची दाट साखळी उभारली, त्यात दीपगृहांचे रखवालदार आणि मच्छीमारही आले. नोंदी इतक्या जवळजवळच्या जागांच्या झाल्या की उबदार आणि थंड हवेच्या सीमारेषा नकाशावर धारदार दिसू लागल्या. युद्धातल्या आघाडीवरून त्यांना ‘फ्रंट’ म्हणायला लागले, आणि 1919 मध्ये त्यांचा मुलगा याकोब याने वादळाची नवी रचना मांडली. आज जगभरच्या हवामान नकाशांवर दात्यांच्या रेषा असतात त्या इथून निघाल्या. दर तासाला आभाळ बदलणाऱ्या या गावात दोन तास काढले की या शोधाला हेच गाव का मिळालं ते अंगावर पाऊस घेऊनच कळतं.

पाचवा दिवस: बेटांपलीकडे

बर्गनमध्ये लाट दिसत नाही, म्हणून एक दिवस सोत्रा बेटावर. तेलवॉग हे कोळ्यांचं गाव शहराच्या नैर्ऋत्येला. बस बदलावी लागते आणि रविवारी फेऱ्या फार कमी, परतीची वेळ निघण्याआधी टिपून घ्या.

जर्मन ताब्याच्या काळात या किनाऱ्यावरून ब्रिटनच्या शेटलंड बेटांपर्यंत मासेमारीच्या लाकडी होड्या गुपचूप जायच्या. अंतर तीन-साडेतीनशे किलोमीटर. पळून जाणारी माणसं तिकडे, हस्तक आणि शस्त्रं इकडे. फेऱ्या हिवाळ्यात, कारण लपायला काळोख हवा, आणि हिवाळ्यातच वादळं. होड्या बुडत गेल्या. 1943 मध्ये अमेरिकेकडून तीन जलद पाणबुडीविरोधी नौका आल्यावर तोटे थांबले. तेलवॉगला एप्रिल 1942 मध्ये चकमकीत दोन गेस्टापो अधिकारी मारले गेले. बदल्यात 30 एप्रिलला सगळं गाव उद्ध्वस्त केलं. घरं जाळली, होड्या बुडवल्या, गुरं नेली. 72 पुरुष जर्मनीतल्या साक्सेनहाउसेन छावणीत पाठवले, 31 परतले नाहीत. गाव युद्धानंतर पुन्हा बांधलं. उत्तर समुद्र वाहतूक संग्रहालय इथे आहे. ते पाहून किनाऱ्यावरच्या खडकांपर्यंत चालत जा. ओल्या काळ्या शेवाळावर पाय देऊ नका.

संध्याकाळी शहरात परत. रात्री साधारण साडेआठला नॉस्तेच्या धक्क्यावरून उत्तरेकडची किनारी बोट सुटते. वेळ हंगामाप्रमाणे तपासा. 1893 मध्ये कॅप्टन रिचर्ड वित यांनी ट्रॉन्हाइमहून ही टपाल आणि मालवाहतूक सुरू केली, 1898 पासून ती बर्गनहून निघते. आजही 34 बंदरं घेत किर्केनेसपर्यंत जाते आणि परत येते. जेक्ट ज्या वाटेने यायचे त्याच आडोशाच्या वाटेने, उलट दिशेला. तीन दिवसांनी संध्याकाळी ती लोफोटेनला लागते. मार्चमध्ये गेलात तर धक्क्याला लागण्याआधीच मांडवांच्या रांगा दिसतात, शेपटीला शेपूट बांधलेल्या कॉडने भरलेल्या.